पंप कोणाच्या पाठीवर?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई, माजलगाव, वडवणीच्या पट्ट्यात भाद्रपदात कपाशी छातीला लागते. पाते-फुले धरलेली असतात, पानांखाली तुडतुडे आणि पांढरी माशी, बोंडात गुलाबी अळी. कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर तेव्हा सर्वांत जास्त गर्दी असते. कोणी खिशातून सुकलेले पान काढून दाखवतो, दुकानदार दोन बाटल्या आणि टॉनिकची एक पुडी पुढे सरकवतो, रक्कम उधारीच्या वहीत चढते. बाटली विकत घेणारा शेताचा मालक असतो. ती पाण्यात ओतून पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा वेगळाच असतो: सालगडी, नाहीतर पंपामागे मजुरी ठरवून आलेला गावातला भूमिहीन तरुण. पंप भरायला डोक्यावरून पाणी आणून देते ती त्याची बायको किंवा आई. दिवाळीनंतर हीच माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात.

कीडनाशकांविषयीचे भारतातले नियम बाटलीभोवती रचलेले आहेत. ती कोणी बनवावी, कोणी विकावी, तिच्यावर काय छापावे, हे त्यांत बारकाईने सांगितले आहे. ज्याच्या कातडीवर ती सांडते त्याच्यापाशी मात्र नियम फार उशिरा पोचतात, आणि तेही अर्धेच.

याचे मूळ कायद्याच्या जन्मात आहे. १९५८ मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभरावर माणसे दगावली. पॅराथिऑन हे कीडनाशक आणि खाण्याचा गहू एकाच जहाजातून आले होते आणि धान्यात विष मिसळले होते. चौकशीसाठी न्या. जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, १९७१ मध्ये त्याचे नियम आले. फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे आणि नोंदणी समितीकडे नोंद झाल्याशिवाय देशात कोणतेही कीडनाशक विकता येत नाही, ही व्यवस्था तेव्हापासूनची. संकट साठवणुकीतून आणि वाहतुकीतून आले होते, म्हणून कायद्याचे लक्ष मालावर राहिले. २००८ आणि २०२० मध्ये नव्या कायद्याची विधेयके संसदेत मांडली गेली. पण आज गेवराईतल्या दुकानाचा परवाना ज्या चौकटीत दिला जातो, तिचा पाया १९६८ चाच आहे.

लेबल जवळून पाहण्यासारखे असते. तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो, त्यालाच सगळे त्रिकोण म्हणतात. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. प्रयोगशाळेतल्या निम्म्या प्राण्यांना मारायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागले, यावर हा रंग ठरतो. तोंडावाटे एक ते पन्नास मिलिग्रॅममध्ये मरण आले तर लाल, पाच हजारांवर गेले तर हिरवा. हा हिशोब एका वेळच्या मात्रेचा आहे. महिनाभर रोज सहा तास अंगावर बसणाऱ्या तुषारांबद्दल रंग काही सांगत नाही. बाटलीबरोबर घडी घातलेले एक माहितीपत्रकही येते. पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणी आणि तोडणी यांतले दिवस, विषबाधेची लक्षणे, उतारा हे सगळे त्यात असते, मराठीतही असते. अक्षर मात्र इतके बारीक की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते उन्हात धरूनही लागत नाही. शेतात माप चालते ते टोपणाचे: पंपाला एक टोपण, जोर जास्त असेल तर दीड.

शिवाय रंग एकेका बाटलीचा असतो. ड्रममध्ये एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वर टॉनिक आणि विद्राव्य खत एकत्र कालवले की तयार होणाऱ्या मिश्रणाला ना लेबल असते, ना त्रिकोण, ना उतारा लिहिलेला. मजुरीचा एक दिवस वाचावा म्हणून एकाच फेरीत सगळे मारायची ही रीत कपाशीच्या पट्ट्यात सर्रास आहे. नोंदणी समितीने त्या मिश्रणाची परीक्षा कधीच घेतलेली नसते.

२०१७ च्या पावसाळ्याने हे सगळे एकाच जिल्ह्यात उघडे पाडले. यवतमाळमध्ये फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जण रुग्णालयात गेले, काहींची दृष्टी काही काळ गेली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून आणि समोरून अंगावर येत होता. हवा दमट होती. बॅटरीवरचे नवे पंप हातपंपापेक्षा बारीक आणि जास्त तुषार सोडत होते. बीटी वाणांना न जुमानणारी बोंडअळी फवारण्यांची संख्या वाढवत होती. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. रक्तातले कोलिनएस्टरेज तपासण्याची सोय यवतमाळमध्ये नसल्याची बाबही तेव्हा पुढे आली.

ही तपासणी ऐनवेळी सुचलेली चैन नव्हे. सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीडनाशके हे विकर बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, शेवटी श्वास अडतो. १९७१ च्या नियमांतच या गटाची कीडनाशके हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे आणि श्वसनाची साधने यांची तरतूद आहे. कारखान्यातल्या कामगाराची हजेरी असते, म्हणून त्याची तपासणी घडू शकते. पंपामागे मजुरी घेणाऱ्याचे नाव कोणत्याच मस्टरवर नसते. मग त्याला मालकाने पाठवायचे की ग्रामपंचायतीने, आणि पाठवायचे तरी कोणत्या दवाखान्यात?

यवतमाळनंतर राज्य सरकारने पाच कीडनाशकांवर बंदी घातली: मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन हे मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड हे मिश्रण. ती पाच जिल्ह्यांपुरती आणि साठ दिवसांची होती, कारण राज्याला कायद्याने तेवढाच तात्पुरता अधिकार आहे. कायमची बंदी केंद्राच्या हाती. त्या पाच जिल्ह्यांत बीड नव्हते. तीच कपाशी, तीच अळी आणि त्याच बाटल्या असूनही इथल्या दुकानांचा माल जागेवर राहिला.

केंद्राची पावले सावकाश पडतात, पण पडतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फान थांबवले. २०१८ च्या आदेशाने अठरा कीडनाशके बाद केली. त्यांतली सहा २०२० संपेपर्यंत चालू राहिली. बीडकरांना थायमेट म्हणून ठाऊक असलेले फोरेट आणि घराघरांत झुरळांवर मारले जाणारे डायक्लोरव्हॉस त्यांतच होते. मे २०२० मध्ये आणखी सत्तावीस कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. उद्योगाचे आक्षेप आले, समित्या बसल्या. २०२३ मध्ये त्यांतली डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल प्रत्यक्षात थांबली आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला साठा संपवण्यासाठी मुदत देऊन निरोप मिळाला. हेच मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून मनाई होती आणि तरीही जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत माध्यान्ह भोजनातून मुलांच्या पोटात गेले आणि तेवीस मुले दगावली. कपाशीसाठी चालेल पण वांग्यासाठी नाही, हा भेद कागदावर राहतो. ज्या घरात ती बाटली असते, त्या घरात कपाशी, वांगी आणि मुले एकत्रच असतात.

२०२२ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीड-नियंत्रण व्यावसायिकामार्फत वापरावे असा आदेश निघाला. असा व्यावसायिक संभाजीनगर-पुण्याच्या सोसायट्यांत वाळवी मारायला मिळतो. धारूर-केजच्या बांधावर तण मारायला तो येत नाही. नियम करणाऱ्यांनी बांध डोळ्यांपुढे ठेवला असता तर एकतर हा माल थांबवला असता किंवा गावात तसे प्रशिक्षित हात तयार केले असते.

दरवर्षी हंगामाआधी हातमोजे, मास्क, चष्मा वापरण्याच्या सूचनांची पत्रके वाटली जातात. पत्रक वाटणाऱ्या कृषी सहायकाचा हेतू चांगला असतो. पण सप्टेंबरच्या उकाड्यात सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन, रबरी मोजे आणि प्लॅस्टिकचा अंगरखा घालून दुपारपर्यंत कोणाला चालता येते? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेने याचे उत्तर केव्हाच दिले आहे: ज्या कीडनाशकासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते टाळावे, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत. मजुराला सावध करण्याआधी विष सौम्य करावे, हा तिचा क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा झाला आणि म्हणून प्रत्येक विषबाधेनंतर पहिला प्रश्न मजुरालाच विचारला जातो: मास्क का नव्हता लावला?

घराच्या आतही हेच चित्र आहे. ज्वारीच्या कणगीत किंवा कोठीत टाकायच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, अंथरुणाच्या पातळीवर साचतो आणि त्यावर उतारा नाही. नियमाप्रमाणे या गोळ्या सरकारी यंत्रणा, तज्ज्ञ किंवा कीड-नियंत्रण व्यावसायिकांच्याच देखरेखीखाली वापरायच्या. झोपायच्या खोलीतल्या धान्यात त्या टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक हवे. गोचीड झालेल्या बैलाला शेतातल्या बाटलीतले औषध चोळणे, पोरीच्या डोक्यातल्या उवांना तेच लावणे, हे प्रकारही थांबायला हवेत; कातडीतून विष रक्तात जाते. मच्छर अगरबत्ती किंवा झुरळांचा स्प्रे घेताना पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण आहे का एवढे पाहिले तरी बराच बनावट माल बाजूला पडतो. आणि विषबाधा झालीच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. अंगावरचे कपडे उतरवावेत, साबणाने अंग धुवावे, १०८ला फोन करावा आणि बाटली लेबलासकट डॉक्टरांसमोर ठेवावी. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

मराठवाड्यात कीडनाशकाची गोष्ट आत्महत्येपाशी आल्यावाचून राहत नाही. कर्ज, नापिकी, लग्नाचा खर्च ही कारणे खरीच आहेत. पण निराशेच्या एका तासात हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एन्डोसल्फान, पुढे पॅराक्वाट बाजारातून काढले. वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला आणि भाताचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. त्याच देशात बाटल्या ठेवायला कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या गेल्या. १८० गावांत, पन्नास हजारांहून जास्त घरांत हा प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पेट्यांनी फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. विष घरात आणून मग त्याला कुलूप लावण्यापेक्षा ते दुकानातच न येणे परिणामकारक ठरले. पॅराक्वाटवर उतारा नाही. अनेक देशांनी ते थांबवले, आपल्याकडे त्याची नोंदणी अजून आहे. ते थांबवण्यासाठी आणखी कोणत्या पुराव्याची वाट पाहायची?

बीडमध्ये मधल्या काळातही करण्यासारखे बरेच आहे. १९६८ च्या कायद्याच्या कलम २६ नुसार राज्य सरकार विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करू शकते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय यांनी फवारणीतून झालेल्या विषबाधेची वेगळी नोंद ठेवली, त्यात कोणते कीडनाशक, कोणते मिश्रण आणि कोणता पंप हे लिहिले, तर पुढच्या बंदीच्या मागणीला आधार मिळेल. कोलिनएस्टरेजची तपासणी हंगामाआधी आणि हंगामात झाली तर लाळ सुटण्याआधीच माणसाला पंप खाली ठेवायला सांगता येईल. खामगाव आणि डिघोळ आंबा इथली कृषी विज्ञान केंद्रे आहेत, परभणीचे कृषी विद्यापीठ आहे. त्यांची प्रशिक्षणे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांबरोबर पंप उचलणाऱ्यांपर्यंत, पाणी भरणाऱ्या बायांपर्यंत जायला हवीत.

आणि भरपाईचा प्रश्न आहे. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्यात शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना चालते. कीडनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात अपघात म्हणून धरली आहे आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण लाभ वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही आणि जो दुसऱ्याच्या रानात दिवसाला पंधरा-वीस पंप मारतो, तो या योजनेच्या बाहेर राहतो. त्याला आत घेण्यासाठी दिल्लीची किंवा नव्या विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. योजना राज्याची आहे आणि तिच्यातली पात्रता शासन निर्णयाने बदलता येते.