'नाही' आणि 'नाहीच'

लहान मुलाने दिवाळीच्या आधी चकली मागितली आणि ती द्यायची नसली, तर घरातली मोठी माणसे दोन तऱ्हांनी नकार देतात. 'आहे, पण आत्ता मिळणार नाही' ही एक तऱ्हा. 'कुठे आहे चकली? डबा रिकामाच आहे' ही दुसरी. दुसरी सोयीची, कारण तीत रडारड नसते. डबा वरच्या फळीवर असेपर्यंत ती खपूनही जाते.

सुरतेत उधना भागातल्या आमच्या घरी भाच्याने फायरवॉल बसवून दिली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी. पण आमचा हा पहारेकरी आणखी दोन कामे करतो, आणि नीतीचा प्रश्न पहाऱ्यात नसून त्या कामांत आहे.

पहिले काम पत्ते वाटण्याचे. घरात मोबाइल, टीव्ही, संगणक, जे यंत्र येईल ते आधी पत्ता मागते. डीएचसीपी ही व्यवस्था (तिचे नियम प्रथम १९९३ साली प्रसिद्ध झाले) त्याला एक आकडी पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. निम्मी मुदत सरली की यंत्र आपण होऊन नूतनीकरण मागते. खानदेशातून येऊन इथल्या लूमवर राबलेल्या आणि लिंबायत-उधन्यात खोल्या बदलत राहिलेल्या आमच्या लोकांना भाडेपट्टा समजावून सांगावा लागत नाही. निम्म्या मुदतीतच स्वतःहून दार ठोठावणारा भाडेकरू मात्र त्यांनीही पाहिला नसेल.

पत्ता देतानाच ही व्यवस्था यंत्राच्या कानात आणखी एक गोष्ट सांगते: नावे कोणाला विचारायची. हे दुसरे काम डीएनएसचे. पूर्वी जगभरच्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि सगळे ती उतरवून घेत. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावे विचारून आकडे मिळवण्याची विभागलेली पद्धत मांडली. २०१४ पासून नावाच्या शेवटी देवनागरीत 'भारत' लिहिण्याचीही सोय आहे. कोणत्याही लिपीत विचारा, उत्तर आकड्यांतच येते.

पण विचारायचे कोणाला, हे यंत्र सहसा स्वतः ठरवत नाही. पत्ता देणारा ठरवतो. आमची महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. पण कोणत्या शाळेत जायचे हे सहा वर्षांच्या मुलाला कोणते घर विचारते? ज्याच्या हाती आसरा, त्याच्याच हाती जगाची ओळख. एवढा अधिकार वडिलकीला असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. तो वापरायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

जुगाराची काही संकेतस्थळे बंद करायची असे ठरले. भाच्याने विचारले, "मामा, बंद केलेले नाव कोणी मागितले तर उत्तर काय द्यायचे?" डीएनएसमध्ये 'असे नावच नाही' हे एक उत्तर आहे आणि 'मी सांगणार नाही' हे दुसरे. दुसरे मिळाले की यंत्र बहुधा दुसऱ्या कोणाला तरी विचारू पाहते. पहिले मिळाले की मुकाट गप्प बसते. म्हणजे खोटे बोलणे अधिक परिणामकारक! धर्मराजाने अर्धसत्य सांगितले ते निदान रणांगणावर. इथे समोरचा माणूस आपल्याच ताटाशेजारी जेवायला बसतो.

कोणी म्हणेल, खोटे यंत्राशी बोललो, माणसाशी नव्हे. हा युक्तिवाद मला पटत नाही. यंत्र हे केवळ निरोप्या आहे. नाव सापडत नाही म्हणताच मुलगी आपले स्पेलिंग पुन्हा तपासते. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास आपण काढून घेतो. मग कधीतरी मोबाइलच्या डेटावर तेच पान क्षणात उघडते. त्या दिवशी तिला जुगाराबद्दल फारसे काही कळत नाही, आपल्याबद्दल मात्र कळते.

हा पेच यंत्रे घडवणाऱ्यांनाही जाणवला असावा. २०२० साली डीएनएसच्या उत्तराला कारण जोडण्याचे क्रमांक प्रसिद्ध झाले. पंधरावा सांगतो, मीच रोखले. सोळावा, वरून आदेश आहे म्हणून रोखले. सतरावा, तुमच्याच विनंतीवरून गाळले. नकाराच्या या तीन पायऱ्या नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवाव्यात इतक्या नेमक्या आहेत. आमच्या घरचा नकार अर्थात पंधरावा. मात्र हे कारण पडद्यावर दिसेलच याची खात्री नसते, म्हणून मी जुना उपाय केला. बंद केलेल्या नावांची यादी कागदावर लिहून फ्रिजला लावली. वरच्या मजल्यावरचे गुजराती कुटुंबही हीच जोडणी वापरते, म्हणून गुजरातीतही लिहिली. त्यांना विचारूनच, त्यांच्या मुलांचा मी वडील नव्हे. कोणी कोणते नाव विचारले याची नोंद ठेवण्याची सोय यंत्रात होती, ती बंद करायला लावली. जे उघड नाकारले, त्यावर चोरून पहारा कशाला?

"कागद वाचून पोरे मुद्दाम तीच नावे शोधतील," असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चुकीचे नाही. परवा मात्र यादीच्या तळाशी एक नाव वाढलेले दिसले. अक्षर मुलीचे होते. पुढे कंसात लिहिले होते: 'परीक्षा संपेपर्यंत.'