ईयोबाचा जाब आणि ख्रिस्ताचा क्रूस

देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर माणसाच्या वाट्याला दुःख का येते, या प्रश्नाला बायबलमध्ये एकच ठरीव उत्तर नाही. नीतिसूत्रांत सज्जनाला सुख आणि दुर्जनाला दुःख असा सरळ हिशेब पुष्कळदा मांडलेला दिसतो. पण त्याच जुन्या करारात ईयोबाचा ग्रंथ आहे आणि तो हा हिशेब पार उधळून लावतो.

ईयोब सात्त्विक आणि सरळ होता, हे ग्रंथ आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला संशयाला जागा उरत नाही. त्याची गुरेढोरे जातात, वादळात घर कोसळून दहा मुले मरतात, अंगभर गळवे उठतात. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो. समाचाराला आलेले तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांच्या हातून घडलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच. एकदा तोंड उघडल्यावर ते त्याच्या दुःखाचे कारण सिद्ध करू लागतात: पाप असल्याशिवाय असे भोग येत नाहीत. ईयोब हे मानत नाही आणि देवालाच जाब विचारतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो तो पृथ्वीच्या पायाविषयी, रानगाढव आणि शहामृगाविषयी. ईयोबावर हे का ओढवले याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्याचा कोप होतो तो मात्र देवाचीच बाजू सावरून धरणाऱ्या मित्रांवर. जाब विचारणारा ईयोब खरे बोलला, असा निवाडा तो देतो. तक्रारीलाही प्रार्थनेचा मान देणारी ही परंपरा स्तोत्रसंहितेतल्या विलापस्तोत्रांतही दिसते.

येशूसमोर हाच प्रश्न एका जन्मांधाच्या निमित्ताने येतो. शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि देवाचे कार्य या माणसाच्या ठायी दिसावे, असे म्हणतो. देवाने आपला महिमा दाखवण्यासाठीच एका बाळाला आंधळे जन्माला घातले, असा याचा अर्थ लावणारेही झाले; पण तसा लावला तर देव ईयोबाच्या मित्रांहूनही निष्ठुर ठरतो. पुढचा प्रसंग पाहता तो अर्थ टिकत नाही. येशू लगेच थुंकीने माती कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांवर लावतो आणि त्याला शिलोहच्या तळ्यात धुवायला पाठवतो. भूतकाळातले कारण उकरण्यापेक्षा आता काय करता येईल, इकडे प्रश्नाचे तोंड वळते. शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी होती, ही समजूतही तो लूकच्या शुभवर्तमानात खोडून काढतो.

ख्रिस्ती विचाराचा गाभा अर्थातच क्रुसात आहे. रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाई, आणि वेदनेइतकीच तिची अप्रतिष्ठाही मोठी होती. येशूला या मरणाची हौस नव्हती. हा प्याला टळावा, अशी प्रार्थना त्याने गेथशेमाने बागेत केली. क्रुसावर त्याने केलेला आक्रोश बाविसाव्या स्तोत्रातला आहे, देवाने टाकून दिलेल्या माणसाचा. श्रद्धेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की देव दुःखाचा खुलासा करीत नाही, तो स्वतः त्यात उतरतो. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण राहिले आणि थोमा या शिष्याला दाखवले गेले, हा तपशीलही बोलका आहे. नव्या जीवनात जखमेचा अर्थ पालटतो, खूण मात्र राहते.

देवाला दुःख होऊच शकत नाही, असे प्राचीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान ग्रीक विचाराच्या प्रभावाखाली मानत आले. जर्मन ईश्वरविज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रुसावरील देव’ या आशयाच्या ग्रंथात त्याला आव्हान दिले. १९४३ च्या बॉम्बवर्षावात हॅम्बुर्ग जळत असताना ते सतरा वर्षांचे होते आणि शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्यादेखत मारला गेला. पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत विलापस्तोत्रे आणि मार्कचे शुभवर्तमान वाचताना आपल्याला समजून घेणारा कोणी आहे, असे त्यांना वाटले.

दुःखाला अर्थ देण्याची दुसरी वाट पौलाच्या पत्रांतून निघते. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण कृपा पुरेशी आहे, एवढे त्याला कळले. काटा म्हणजे डोळ्यांचा विकार, आकडी की विरोधक, याचा निकाल लागलेला नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तर ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उणे आहे ते आपण भरून काढतो, असे धाडसी विधान आहे. तारणाचे काम अपुरे राहिले, असा त्याचा अर्थ कोणताही प्रमुख पंथ घेत नाही. कॅथलिक परंपरेत मात्र आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून इतरांसाठी अर्पण करण्याची रीत याच वचनावर उभी आहे, आणि १९८१ मध्ये गोळीबारातून वाचलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या पत्रात त्याचा विस्तार केला. प्रॉटेस्टंट मंडळी या बाबतीत सावध असतात, कारण दुःखाला पुण्याचा हिशेब लागू झाला तर कृपेचे महत्त्व उरत नाही.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने पती गेले. मांडीवर तान्ही मुलगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या मठातल्या जोगिणी वाट चुकलेल्या स्त्रियांना सांभाळत. ज्यांना समाजाने हाकलले त्यांची अशी काळजी का घेतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो ती कथा वाचून दाखवली. विधवेचे दुःख हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, हे उत्तर त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. इथे मात्र दुःख भोगणाऱ्या स्त्रीला दोषी ठरवण्याआधी तिच्याशी बोलणारा कोणी होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून केडगावला आसरा दिला. बायबलच्या त्यांच्या मराठी भाषांतराची छपाईही तिथल्या मुलींनीच केली. त्यांच्या घरच्यांचे मरण या कामासाठी ‘आवश्यक’ होते, असे म्हणणे मात्र पुन्हा ईयोबाच्या मित्रांच्याच तर्काकडे जाणे होय.

या विचाराचा गैरवापरही फार झाला. अमेरिकेत गुलामांना, पुष्कळ घरांत मार खाणाऱ्या बायकांना, आपला क्रूस उचलायला सांगण्यात आले. पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या दासांविषयीच्या वचनांचा आधार त्यासाठी घेतला गेला. जर्मन लेखिका डोरोथे झोले यांनी १९७३ मध्ये यावर कडाडून टीका केली: जे दुःख माणसाने निर्माण केले आहे, ते सोसायला शिकवणे म्हणजे ते टिकवायला मदत करणे. ही टीका बाहेरून आलेली वाटली तरी शुभवर्तमानांशी ती जुळते. त्यांत कोणी रोगी येशूकडे आला आणि हे सोस, यातच तुझे भले आहे, असे सांगून त्याला परत पाठवले गेले, असा एकही प्रसंग नाही.