दुसऱ्याचं भय

अमेरिकेतल्या एका बाईंना वैद्यकीय साहित्यात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखतात. दुर्मीळ आनुवंशिक आजाराने त्यांच्या मेंदूतला भयाशी निगडित असलेला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. सापांचा तिटकारा असल्याचं सांगणाऱ्या या बाईंना संशोधक प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेले. तिथे त्यांनी साप तीन मिनिटांहून अधिक वेळ हातात धरला, त्याच्या लवलवत्या जिभेला बोट लावलं. आणखी मोठ्या सापांना हात लावू द्या, म्हणून त्या मागेच लागल्या. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे घ्यायला दिला, तेव्हा मात्र त्या धापा टाकत मास्क काढायच्या खुणा करू लागल्या.

सापाचं भय गेलं होतं. गुदमरण्याचं शाबूत होतं.

बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी एकटा असलेला आत्मा भितो. मग त्याच्या मनात येतं, माझ्यावाचून इथे कुणी नाहीच, तर भ्यायचं कुणाला? आणि भय सरतं. भय दुसऱ्यापासून उपजतं, असं उपनिषद सांगतं. गुदमरणाऱ्या देहाला हे लागू पडत नाही. सापाच्या, परक्याच्या, करणीच्या भयाला मात्र नेमकं लागू पडतं.

हा दुसरा मनात आणून कोण बसवतं? मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांच्या प्रयोगांतली, प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. सापाला पाहून बिथरलेलं दुसरं माकड दिसलं, की तीही भिऊ लागत. चित्रफितीत फेरफार करून फुलाला घाबरणारं माकड दाखवलं, तेव्हा ती फुलाला भ्यायला शिकली नाहीत. मेंदूची तयारी असते, शिकवणी सोबत्यांची.

आपल्याकडे ही शिकवणी दुहेरी आहे. एरवी काठी उगारली जाते त्याच नागाला इजा नको म्हणून नागपंचमीला नांगर धरत नाहीत, घरात चिरणं-तळणं टाळून पुरणाची दिंडं उकडतात. भयाला आदराचं वळण देणारी ही रीत मोलाची आहे. त्याच भयावर मांत्रिक पोट भरतो, त्याचा हा धंदा मात्र धर्म नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादीच अभयापासून सुरू होते.

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. साप चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.