वाढते हाड आणि तपाचा अधिकार

आदिलाबाद जिल्ह्यात पौष महिन्यात मेस्राम कुळातील गोंड भाविक नागोबाच्या अभिषेकासाठी गोदावरीचे पाणी आणायला हस्तिनमडुगूपर्यंत अनवाणी जातात आणि ते घेऊन केसलापूरला परततात. या वाटेवर पायांना होणारा त्रास व्रतातच मोडतो. याच जिल्ह्यातील शासकीय क्रीडाशाळेत मुलांना चौथीत, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या वयात, प्रवेश मिळतो आणि नेमक्या याच सुमारास टाचेच्या मागच्या बाजूला हाडाचा एक स्वतंत्र भाग आकार घेऊ लागतो, जो मूळ हाडाशी पुढे पाच-सहा वर्षे केवळ कूर्चेने, म्हणजे मऊ लवचीक ऊतीने, जोडलेला असतो. हाड झपाट्याने वाढते, पोटरी मात्र मागे राहते, त्यामुळे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा प्रत्येक धावेत ही कूर्चा ओढते. मूल चवड्यांवर चालू लागते आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळवळते. जेम्स सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी 1912 मध्ये वर्णिलेला हा विकार विश्रांतीने व टाचेखालच्या गादीने बरा होतो. लांब हाडांच्या वाढकूर्चेचा अस्थिभंग मात्र हाडाची वाढ खुंटवू शकतो.

अशी वेदना सोसणे हे तप ठरते काय? मीमांसकांच्या मते कर्माचा अधिकार येण्यासाठी अर्थित्व, म्हणजे फळाची इच्छा, आणि सामर्थ्य, म्हणजे ते कर्म पार पाडण्याची क्षमता, ही दोन्ही लागतात. पदकाची इच्छा नऊ वर्षांच्या मुलालाही असते, कदाचित प्रौढापेक्षा अधिक उत्कट. सामर्थ्य मात्र त्याच्या हाडात अजून यायचे असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपात अहिंसा येते, वेदनेचा उल्लेखही नाही. उलट दुराग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तिथे तामस ठरवले आहे.

शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवले जाते, परंतु कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त ते तपाने कृश झालेल्या तरुण पार्वतीला उद्देशून, तिच्या प्रकृतीच्या काळजीच्या स्वरात येते, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. पार्वती मागे हटत नाही आणि कवी तिला दोषही देत नाही, कारण संकल्प तिचा स्वतःचा होता व तिच्या आईने तिला आधीच अडवून पाहिले होते. मैदानावर मात्र अनेकदा मूल लंगडत थांबते आणि आणखी एक फेरी मारायला वडीलधारेच सांगतात.