उंबरठा कोणाचा?

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांनी ह्या देशात येऊन कष्टाने घर केले, आणि काहींनी म्हातारपणाची तरतूद म्हणून दुसरेही घेतले. ते दुसरे घर बेरशेबाला विद्यार्थ्यांना किंवा लोद, अश्दोदला एखाद्या नव्या जोडप्याला भाड्याने दिलेले असते. हल्ली अशा घरांच्या दारांना बिनकिल्लीचे कुलूप बसवण्याची चाल पडली आहे. कुठले कुलूप घ्यावे, असे वाचक बंधुभगिनी आम्हांस विचारतात. आमच्या मते हा प्रश्न अर्धाच दुकानदाराचा आहे. उरलेला अर्धा नीतीचा आहे, आणि तो असा: दार ज्याच्या मालकीचे त्याचे, की त्या दाराआड जो राहतो त्याचे?

आधी दुकानदाराचा अर्धा भाग पाहू. बिनकिल्लीची कुलपे मुख्यतः तीन प्रकारची. पहिले बटणांचे साधे यांत्रिक कुलूप. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही. ठरलेली बटणे दाबून मूठ फिरवली की दार उघडते. शब्बाथ पाळणाऱ्या घरात हेच सोयीचे पडते, कारण विजेच्या कुलपाचे बटण त्या दिवशी दाबता येत नाही. तरीही ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या रब्बींना विचारून घ्यावे. ह्याची उणीव अशी, की बहुधा सगळ्यांना एकच नंबर असतो, आणि पुष्कळ कुलपांत बटणांचा क्रम धरला जात नाही. दहापैकी चार बटणे क्रमावाचून दाबायची असली तर जुळण्या फक्त २१० होतात. रोज तीच बटणे दाबून ती झिजली, की चोराचे काम आणखी सोपे होते.

दुसरे सेलवर चालणारे आकड्यांचे कुलूप. चार आकड्यांच्या १०,००० जुळण्या होतात, आणि चांगल्या कुलपात प्रत्येक माणसाला वेगळा नंबर देता येतो व तो केव्हाही रद्द करता येतो. मात्र सेल संपण्यापूर्वी ते सूचना देते की नाही, आणि सेल संपलेच तर बाहेरून उघडण्याची दुसरी सोय आहे की नाही, हे घेण्यापूर्वी विचारावे. तिसरे बोटाचा ठसा ओळखणारे किंवा टेलिफोनवरून उघडणारे. ठशाबद्दल एवढे ध्यानात ठेवावे, की म्हाताऱ्या माणसांचे आणि जन्मभर हातांनी काम केलेल्यांचे ठसे पुसट होतात, आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. शिवाय नंबर फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

कोणतेही कुलूप घ्या, आतून ते किल्लीवाचून, नंबरावाचून, एका हाताने उघडले पाहिजे. आग लागली किंवा सायरन वाजला आणि खाली मिकलातमध्ये धावायचे झाले, तर आकडे आठवायला वेळ नसतो. आपल्याकडची बहुतेक दारे पोलादी, चोहोबाजूंनी अडसर सरकणारी असतात. त्यांना प्रत्येक कुलूप बसत नाही. तेव्हा आधी दार दाखवावे, मग पैसे द्यावे.

आता उरलेला अर्धा भाग. कोकणातल्या आपल्या गावी दिवसा दाराला नुसती कडी असे. गोदरेजने मुंबईत १८९७ साली कुलपे करायला सुरुवात केली, पण चाळीतल्या घराचे कुलूप कितीही भक्कम असले तरी त्याची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असायची. किल्ली ही वस्तू होती. ती ज्याच्या हाती दिली तो माणूस आपल्याला माहीत असे, आणि काम झाले की ती परत मागता येई. नंबराचे तसे नाही. एकदा सांगितलेला नंबर परत मागता येत नाही, तो फक्त बदलता येतो. आपल्या इमारतींच्या खालच्या दाराचा कोड पाहा. वाद-बायितने तो रहिवाशांसाठी ठेवलेला असतो, आणि सामान पोचवणाऱ्या प्रत्येक मुलाला तो तोंडपाठ असतो.

पण ह्याहून मोठा फरक वेगळाच आहे. जुने कुलूप मुके होते. नवे कुलूप लिहून ठेवते. कोणत्या नंबराने दार किती वाजता उघडले, रात्री कोण उशिरा आले, शुक्रवारी संध्याकाळी घरी कोणी होते की नाही, हे सारे काही कुलपे टिपून ठेवतात, आणि ज्याच्या टेलिफोनला ते जोडलेले असते त्याला घरबसल्या दाखवतात. घरमालकाचा नंबर कुलपात असेल तर त्याला भाडेकरूच्या दारात उभे राहण्याचीही गरज उरत नाही.

घरमालकाची बाजू आम्ही नाकारीत नाही. घर त्याच्या घामाचे आहे. नळ फुटला आणि भाडेकरू परगावी असला तर खालच्या मजल्यावर पाणी गळते, आणि बोल मालकाला लागतो. भाडेकरू न सांगता निघून गेला, तर जुन्या किल्ल्या किती हातांत आहेत हे कळत नाही. नव्या कुलपाने ही काळजी मिटते, हे खरे. प्रश्न एवढाच, की काळजीपुरते जे हवे ते घेऊन आपण थांबतो काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच दाराच्या चौकटीवर लावलेले आहे. मेझुझा लावण्याची जबाबदारी आपल्या शास्त्राने घराच्या मालकावर टाकलेली नाही, जो राहतो त्याच्यावर टाकली आहे. परदेशात भाडेकरूला तीस दिवसांची सवलत आहे, ह्या देशात राहायला गेल्याबरोबर लावायचा. म्हणजे भिंती मालकाच्या असल्या तरी उंबरठा राहणाऱ्याचा. अनुवादाच्या २४व्या अध्यायात सावकाराविषयी आज्ञा आहे, की त्याने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ते बाहेर आणून द्यावे. येणे खरे आहे, हक्कही आहे, तरी थांबायचे बाहेरच. बिलामाने इस्राएलाच्या तंबूंची वाखाणणी केली ती त्यांची दारे समोरासमोर नव्हती म्हणून, असे आपले शास्त्री सांगतात. आणि दुसऱ्याचे पत्र उघडून वाचू नये, हा निर्बंध सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम ह्यांनी घातला, अशी परंपरा आहे. कुलपातली नोंद ही भाडेकरूच्या दिवसाचे पत्रच नव्हे काय?

देशाचा कायदाही हेच बोलतो. १९९२ च्या मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्याच्या मूलभूत कायद्याप्रमाणे कोणाच्या खासगी जागेत त्याच्या संमतीवाचून शिरता येत नाही. २०१७ साली भाड्याच्या कायद्यात जी सुधारणा झाली तिने मुख्य दार व त्याला कुलूप नसलेले घर राहण्यास अयोग्य ठरवले. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली एका इमारतीतील भाडेकरूंनी टेलिफोनवर चालणाऱ्या कुलपाविरुद्ध दावा लावला आणि साध्या किल्ल्या मिळवल्या. त्यांच्यात ९३ वर्षांचे एक गृहस्थ होते. त्या शहराने २०२१ मध्ये अशा कुलपांतील माहितीवर मर्यादा घालणारा कायदाही केला.

ह्याच प्रश्नाची एक नाजूक बाजू आपल्या घरात आहे. आई एकटी दिमोनाला राहते, मुलगा मध्य भागात नोकरीला. दिवसा मेटापेलेत येते. मुलाने आईच्या दाराला नवे कुलूप बसवले, आणि आता तो मेटापेलेत किती वाजता आली, आई किती वेळा बाहेर गेली, हे पाहत बसतो. ही माया की पहारा? आमच्या मते ज्या नोंदीबद्दल आईला व त्या बाईला आधी सांगितले आहे आणि दोघींनी होकार दिला आहे, ती माया. जी चोरून पाहावी लागते, ती पहारा. आई पडली तर रुग्णवाहिकेच्या माणसांना दार उघडता यावे एवढी सोय हवीच. त्यासाठी शेजारणीला एक वेगळा नंबर दिला तरी पुरते. ती शेजारीण आठवड्यातून दोनदा आईची चौकशीही करील, जी कुलपाला करता येत नाही.

तेव्हा घरमालक बंधूंना आमची विनंती अशी. भाडेकरू आला की नंबर त्यालाच ठरवू द्यावा. स्वतःसाठी आपत्काळाची एक किल्ली ठेवायची असेल तर ती पाकिटात बंद करून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवावी, आणि करारात तसे लिहावे. कुलूप नोंद ठेवणारे असेल तर ते आधी सांगावे, आणि ती नोंद भाडेकरूच्याच हाती राहू द्यावी. घर पाहायला जायचे झाल्यास आधी कळवावे आणि दारावर टकटक करावी, नंबर माहीत असला तरी. भाडेकरूंनाही एक सांगणे आहे. घर सोडताना मेझुझा पुढच्या यहुदी कुटुंबासाठी तसाच ठेवायचा, हा आपला नियम आहे. नंबर मात्र मागे ठेवू नये. तो मालकासमोर पुसून टाकावा, म्हणजे पुढे येणाऱ्याला आपला उंबरठा कोरा मिळेल.