विहिरींची फाइल

भूम तालुक्यात बालाघाटच्या माळावर एक लहानसं गाव होतं. त्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. गावातली माणसं खडी फोडायला जात होती, बाया पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होत्या, लेकरांना सुकडी मिळत होती. त्या उन्हाळ्यात गुरुजींनी एक वही घातली. शाळा सुटली की ते एखाद्या विहिरीवर जायचे, दोरीला दगड बांधून आत सोडायचे, वर ओढल्यावर कोरडी दोरी वेगळी आणि ओली दोरी वेगळी मोजायचे. मग वहीत लिहायचे: विहीर कोणती, किती परस खोल, कातळ कुठं लागला, झरा कुठल्या अंगाला, पाणी किती.

दुष्काळ गेला, पण वही बंद झाली नाही. दरवर्षी दिवाळी झाली की एकदा आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास एकदा गुरुजी गावातल्या सगळ्या विहिरी मोजायचे. सोबत शाळेतली दोन-चार पोरं असायची. कशाला हा उद्योग, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "लोकांच्या ध्यानात पाऊस राहतो. विहीर राहत नाही."

१९९९ च्या सुमाराला भूमला डीटीपीचं एक दुकान निघालं. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथं व्हायचं. दुकानदार कष्टाळू आणि सरळ माणूस होता. गुरुजी एकदा पत्रिकेच्या कामाला गेले आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटताना बघत उभेच राहिले. पुढच्या बाजारी ते सगळ्या वह्या पिशवीत घालून घेऊन गेले.

"हे सगळं बसेल का यात?"

"एवढं तर कोपऱ्यात बसंल, गुरुजी."

"आणि मी नसलो, तुम्ही नसलात, तर उघडणार कोण?"

"कुणीबी उघडंल की. कॉम्प्युटर काय विसरतोय व्हय?"

दुकानदार मनापासून बोलला होता. त्या काळात सगळ्यांना तसंच वाटत होतं.

वह्यांचं टायपिंग झालं. त्यानंतर गुरुजींनी नवी वही घेतलीच नाही. विहिरी मोजायच्या, आकडे चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी दुकानात द्यायची, एवढंच राहिलं. छापून घ्यायला पानागणिक पैसे पडत होते, म्हणून छापील प्रत काढली नाही. जुन्या वह्या माळवदाच्या घरात एका कोनाड्यात पडून राहिल्या. आता सगळं कॉम्प्युटरात आहे म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली, आणि सुनेने ती माती सुपात भरून उकिरड्यावर टाकली.

पुढे गुरुजी वारले. दुकानदार त्यांच्या घरी भेटायला आला तेव्हा त्याने एक सीडी आणून दिली. "गुरुजींचं सगळं काम यात हाय," तो म्हणाला. सुनेने सीडी लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली ठेवली. काही वर्षांनी दुकानही बंद झालं आणि दुकानदार लेकाकडे पुण्याला गेला.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच हे वर्ष. गावात टँकर यायचा तेव्हा हंडे-घागरींची रांग शाळेपर्यंत जायची. जुनी माणसं सांगत होती की बहात्तरला धान्य नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. आता दुकानात धान्य आहे आणि विहिरीला पाणी नाही. गावाने बैठक घेतली. वर्गणी काढून शाळेच्या पाठीमागे एक खोल बोअर घ्यायचं ठरत आलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आरं, गुरुजीनं इतकी वर्सं दोरी टाकली. त्याचं लिवलेलं तरी बघा."

सुनेने पेटी उघडली. गावातलं एक पोरगं भूमला महा ई-सेवा केंद्रात कामाला होतं. लोकांचे सातबारे काढायचं, पीक विम्याचे अर्ज भरायचं. सीडी त्याच्याकडे गेली. सुदैवाने ती चालली आणि फाइलही उघडली. पण पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम, आणि कशाचाच कशाशी मेळ नाही.

संध्याकाळी पारावर ज्याची त्याची मतं निघाली. एक म्हणाला, व्हायरस गेला त्यात. दुसरा म्हणाला, सीडी खराब झाली. तिसरा म्हणाला, गूगलमध्ये टाक, तेच सांगेल. चौथा म्हणाला, म्हणून मी कधी त्या यंत्राच्या नादी लागलो नाही. पोरगं सगळ्यांचं ऐकत होतं. त्याला एवढंच दिसत होतं की फाइलीतल्या ओळी सरळ होत्या. गुरुजींच्या वहीत जशा असतील तशाच, एकाखाली एक.

रात्री त्याने लॅपटॉप म्हातारीच्या ओसरीवर नेला.

"आजी, प्रत्येक ओळीत हीच पाच अक्षरं येतात बघ. काय असंल?"

म्हातारीला ना मराठी वाचता येत होतं ना इंग्रजी. तिने विचारलं, "गुरुजीनं काय मोजलं?"

"विहिरी."

"मग इहीरच आसंल की रं. दुसरं काय आसंल?"

पोराने मोजलं. व, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र. खुणा बरोबर पाच. त्याचा आनंद मनात मावेना. त्याने पहिली खूण म्हणजे व, दुसरी म्हणजे वेलांटी असं मांडलं आणि ती अक्षरं इतर शब्दांत घालून पाहिली. एकही शब्द जुळला नाही. मध्यरात्री त्याने लॅपटॉप मिटला.

म्हातारी जागीच होती. ती म्हणाली, "बैलाच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव सांगत्यात. ज्यानं त्याच्या हाताखाली वर्सं काढलीत त्यालाच ती बोटं कळत्यात. ह्ये ज्यानं लिवलं, त्यो शिकला कुणाकडं?"

दुसऱ्या दिवशी पोराने भूममध्ये विचारपूस केली. दुकानदार एका बाईंच्या क्लासमध्ये टायपिंग शिकला होता. मराठी तीस शब्दांची परीक्षा पास झाला होता. बाई अजून क्लास चालवत होत्या. टाइपरायटरवरच्या परीक्षा तेव्हा बंद व्हायला आल्या होत्या, तरी दोन जुनी यंत्रं त्यांनी पुसून नीट ठेवली होती. पोराने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि ती पाच अक्षरं दाखवली: एफ, ओ, जी, एच, जे.

बाईंनी चष्मा लावला. पडद्याकडे पाहत त्यांनी दोन्ही हात नुसत्या टेबलावर ठेवले आणि बोटं हलवली.

"विहीर," त्या म्हणाल्या.

पोरगं बघतच राहिलं. बाईंनी त्याला टाइपरायटरजवळ नेलं. "हे बघ बाळा. एफच्या जागी पहिली वेलांटी. ती यंत्रावर आधी दाबायची आणि मग अक्षर. ओच्या जागी व, जीच्या जागी ह, एचवर दुसरी वेलांटी, जेवर र. तुझं चुकलं ते पहिल्या वेलांटीत. तू वाचतोस तसं लिहिलं, त्याने दाबलं तसं लिहिलं." मग त्यांनी आणखी एक शब्द वाचला, पाणी. त्यातला ण एका बटणावर नव्हता. आधी अर्धा ण, मग काना.

म्हणजे फाइलीला काहीच झालं नव्हतं. तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये संगणकाला आपण मराठी लिहितो आहोत हे ठाऊकच नसायचं. तो आपल्या लेखी एफ आणि ओ साठवायचा, आणि त्यांच्यावर देवनागरीची चित्रं चढवायचं काम फाँट करायचा. फाँट काढला की उरायची इंग्रजी अक्षरं. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी निराळी असायची. मराठी वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर बातमी वाचायची तर आधी त्या त्या पत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे अनेकांना आठवत असेल. युनिकोड या जगभरच्या एकाच अक्षर-यादीत देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. त्या यादीत व म्हणजे व च, भूममध्येही आणि बोस्टनमध्येही. पण तालुक्याच्या दुकानापर्यंत ती पोचायला कितीतरी वर्षं गेली, आणि त्या मधल्या वर्षांत मराठी माणसांनी लिहिलेलं किती आज कुणाला उघडत नाही, या विचाराने जीव तुटतो.

मांडणी कळल्यावर पुढचं काम सोपं झालं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. पोराने आधीही दोन वापरून पाहिली होती, पण ती वेगळ्याच फाँटसाठी होती. आता त्याने बरोबर साधन निवडलं, आणि बघता बघता पानं मराठी झाली.

सगळी मात्र नीट झाली नाहीत. जोडाक्षरं मोडली होती, ओढ्याचा ढ कुठंतरी हरवला होता, काही नावं ओळखू येत नव्हती. तेव्हा पोरगं वाचायचं आणि म्हातारी दुरुस्त करायची. "ती आंब्याची न्हाई, आंबराईतली इहीर. आंब्याची निराळी, ती खालच्या शिवारात." बाकीचे म्हातारेही हळूहळू ओसरीवर येऊन बसू लागले. कुणी कुठल्या विहिरीत पोहायला शिकला होता, कुणाच्या बापाने कुठली खोदली होती. चार रात्री गाव ते वाचत बसलं.

वाचता वाचता दोन गोष्टी समोर आल्या. शाळेच्या पाठीमागे जिथं बोअर घ्यायचं ठरत होतं, तिथल्या दोन्ही विहिरी गुरुजींच्या नोंदींत बहुतेक वर्षी होळीलाच आटल्या होत्या, आणि कातळ अगदी वर लागला होता. आणि ओढ्याकाठची जुनी विहीर, जिच्यात नळ आल्यापासून गाव केरकचरा टाकत होतं, ती एकाही अक्षय तृतीयेला कोरडी पडली नव्हती. बहात्तरलाही नाही. गुरुजींनी तिच्यापुढे लिहिलं होतं: मुरूम खोलवर, झरा पश्चिमेकडून.

वर्गणी बोअरला गेली नाही. त्या पैशात गावाने ओढ्याकाठच्या विहिरीतला कचरा आणि गाळ उपसला. पाणी काही उसळून वर आलं नाही. पश्चिमेच्या अंगाने आधी ओल दिसली, मग धार लागली, आणि रात्रभरात जे साठायचं ते सकाळी गावाच्या पिण्यापुरतं व्हायचं. मृगाचा पाऊस येईपर्यंत ते पुरलं. टँकर येत राहिला, पण त्याची वाट बघत कुणाला उन्हात बसावं लागलं नाही.

त्यानंतर पोराने एक काम केलं. सगळ्या नोंदी त्याने युनिकोडमध्ये, अगदी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवल्या. ती कुठल्याही संगणकात, कुठल्याही मोबाइलवर उघडते. एक प्रत शाळेत दिली, एक ग्रामपंचायतीत, एक गुरुजींच्या सुनेला, आणि गावातल्या ज्याने मागितली त्याच्या फोनवर पाठवली. मग छापून, शिवून तिची वही केली, आणि त्या वहीत मागे कोरी पानं ठेवली. दिवाळीनंतर शाळेतल्या पोरांनी दोरी सोडली आणि पहिल्या कोऱ्या पानावर हाताने आकडे लिहिले.

या गोष्टीत वाईट कुणीच नाही. दुकानदाराने प्रामाणिकपणे काम केलं, गुरुजींनी विश्वास ठेवला, आणि संगणकाने त्याला दिलेलं एक अक्षरही हरवलं नाही. तरी गावाचं चाळीस वर्षांचं शहाणपण एका फाँटच्या आडोशाला जवळजवळ कायमचं गेलं होतं, कारण ते उघडायची रीत एकाच माणसाकडे होती. ते परत आलं, कारण एका म्हातारीला विहिरींची नावं पाठ होती आणि एका बाईंच्या बोटांना जुनं यंत्र आठवत होतं. आज आपण फोटो, हिशेब, कीर्तनाच्या ध्वनिफिती, आजीच्या ओव्या, असं सगळं कुठल्या ना कुठल्या ॲपच्या हवाली करतो आहोत. तिथून ते उद्या बाहेर काढता येईल का, दुसऱ्याला उघडता येईल का, हे आपण विचारत नाही. गुरुजींनी तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचं उत्तर त्यांनी जरा लवकर मान्य केलं.

तुमच्या घरी, संस्थेत, देवस्थानात, ग्रामपंचायतीत अशी एखादी जुनी सीडी किंवा फाइल असेल, तर ती या आठवड्यात उघडून पाहा. अक्षरं विचित्र दिसली म्हणून टाकून देऊ नका. मराठी टाइपरायटर शिकलेली माणसं अजून तालुक्या-तालुक्यांत आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडे जा.