मिंधेपणाशिवाय मदत

यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षं जगले. शंभरी गाठली तरी रात्री घोड्यावर बसून शेताला चक्कर मारायचे. घरात पहिलं ताट त्यांचं. बसमधून पडण्याचं निमित्त होऊन ते गेले, तेही कोर्टाच्या कामाला निघालेले असताना. त्यांचे नातू, अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २०१४च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. आपण ती वाचून हुरळतो, एकत्र कुटुंबाचे गोडवे गातो. नातू मात्र तिथे थांबत नाही. आजोबांना मनासारखं जगता आलं, कारण घर चोवीस तास दिमतीला होतं. आणि त्यांच्या अखेरच्या काळात घरात कडाक्याचं भांडण झालं, हेही तो लपवत नाही. ते पहिलं ताट कुणाच्या हातांनी वाढलं जायचं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

ते हात आता घरात नाहीत. म्हणजे आहेत, पण सकाळी साडेआठला ऑफिसला जातात. अनेकदा ते पन्नाशी उलटलेल्या सुनेचे असतात आणि तिचेच गुडघे दुखत असतात. मुलगी ठाण्याला, धाकटा न्यू जर्सीत. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. त्यानंतर माणसं अधिक जगू लागली आणि घरं आणखी लहान झाली.

अशा वेळी ‘सहाय्यित निवास’ हा शब्द कानावर येतो. स्वतःची खोली किंवा लहानसा फ्लॅट, जेवण, साफसफाई, वेळेवर गोळ्या, हाकेला माणूस आणि गरजेला नर्स, अशी सगळी सोय महिन्याच्या बिलावर. पुण्यात ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प उभे राहिले, तेव्हापासून निदान शहरी मध्यमवर्गाला वृद्धाश्रम आणि मुलाचं घर यांच्यामध्ये काही असू शकतं हे कळू लागलं. तरी जाहिरातीत दाखवतात ते फायदे, म्हणजे बाग, योगवर्ग, भजनाचा हॉल, मला दुय्यम वाटतात. भजन कुठेही करता येतं. मूळ फायदा वेगळा आहे आणि तो समजून घ्यायला आधी बाथरूममध्ये शिरावं लागेल.

सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली एक साधी यादी प्रसिद्ध केली. माणूस किती परावलंबी झाला हे सहा गोष्टींवरून पाहायचं: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हातानं जेवणं. बहुतेकांच्या बाबतीत यातली अंघोळ सर्वात आधी अवघड होते. ओली फरशी, साबणाचा हात, उंबऱ्याची चार बोटं उंची. पडले की खुब्याचं हाड, आणि मग सगळंच बदलतं. म्हणून कुणीतरी आत थांबायला लागतं. ज्या बापानं उभ्या आयुष्यात मुलासमोर बनियन काढला नाही, त्याला आता कमरेला ओला पंचा गुंडाळून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं असतं, आणि मुलगा एक डोळा घड्याळावर ठेवून पाठीवर तांब्या ओतत असतो. दोघंही बोलत नाहीत. पाणी जास्त गरम आहे, हेसुद्धा बाप सांगत नाही.

का सांगत नाही? कारण तो मिंधा झालेला असतो. प्रेमानं केलेल्या सेवेत तक्रारीला जागाच नसते. मुलगा सुट्टी टाकून करतोय, सूनबाई स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून करतेय. त्यांना ‘असं नको, तसं कर’ कुठल्या तोंडानं म्हणायचं? तेच पाणी पगारी मदतनिसानं ओतलं, तर बाप पहिल्याच तांब्याला ओरडेल. हे ओरडणं मला फार मोलाचं वाटतं. पैसे मोजून घेतलेल्या मदतीत ऊब कमी असेल, पण मान खाली घालावी लागत नाही.

माझ्या परिचयातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याऐंशी, पुण्याबाहेरच्या अशा निवासात राहतात. मुलाकडे असताना त्यांना दुपारी तीनला चहाची तल्लफ यायची आणि कामाच्या मावशी यायच्या साडेचारला. गॅसला हात लावायचा नाही असा घरचा नियम होता, कारण एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि बाईंना पत्ताच नव्हता. नियम बरोबरच होता. आमटी अळणी झाली तरी त्या ‘छान झालीये’ म्हणायच्या, भाजीत मीठ मागताना आवाज आपोआप उतरायचा. निवासात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकाला बोलावून चिंच-गुळाचं प्रमाण समजावलं. ‘महिन्याचं बिल मी भरते, तेव्हा आमटी माझ्या जिभेला पटली पाहिजे.’ खोलीत आपोआप बंद होणारी विजेची किटली आहे. चहा तीनला होतो. मुलगा रविवारी येतो आणि आता औषधांच्या डब्या तपासत बसत नाही. दोघं शब्दकोडं सोडवतात, चक्क भांडतात. तो पुन्हा मुलगा झाला, असं त्या म्हणतात.

सहाय्यित निवासाची कल्पना मुळात एका मुलीच्याच पोटतिडकीतून आली. केरन ब्राउन विल्सन एकोणीस वर्षांची असताना तिच्या पंचावन्न वर्षांच्या आईला पक्षाघात झाला आणि पुढचं आयुष्य शुश्रूषागृहांत गेलं: दुसऱ्यानं ठरवलेली उठायची वेळ, दुसऱ्यानं ठरवलेलं ताट. विल्सनबाईंनी पुढे १९८३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ‘पार्क प्लेस’ काढलं. तिथले रहिवासी रुग्ण नव्हते, भाडेकरू होते. प्रत्येकाला स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, हवं तर मांजर, आणि मुख्य म्हणजे आतून बंद करता येणारं दार. मधुमेहाच्या म्हाताऱ्यानं गोड खाल्लं तर समजावायचं, पण बशी हिसकावून घ्यायची नाही. म्हातारी माणसं मरतील अशी ओरड झाली. राज्य सरकारनं पाहणी केली तर १९८८मध्ये उलटंच दिसलं: प्रकृती ढासळली नव्हती, नैराश्य घटलं होतं आणि सरकारी मदतीवरच्या रहिवाशांचा खर्च शुश्रूषागृहापेक्षा वीस टक्क्यांनी कमी आला होता. पुढे मात्र ‘सहाय्यित निवास’ या नावाचा धंदा झाला आणि दाराची कडी पुष्कळ ठिकाणी निघून गेली.

तसं होण्यात मुलांचाही हात आहे. निवास बघायला येतात ती मुलं, धनादेश फाडतात ती मुलं. त्यांना सीसीटीव्ही, बंद फाटक आणि चोवीस तास पाळत हवी असते. स्वतःसाठी आपण मोकळीक मागतो आणि आईवडिलांसाठी कुलूप. त्यामुळे निवास पाहायला जाल तेव्हा झुंबरं बघू नका. दुपारी न सांगता जा. मदतनीस दार वाजवून आत येतात की सरळ घुसतात ते पाहा. रात्री तीनला घंटी वाजवली तर कोण येतं, आणि तो एकटाच किती खोल्यांना पुरा पडतो, ते विचारा. पुढे स्मृतिभ्रंश झाला तर इथेच ठेवणार की गाशा गुंडाळायला सांगणार, हे लेखी घ्या. हा प्रश्न काल्पनिक नाही. देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे.

कायद्याकडून इथे फार आशा नको. महारेरानं २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले; उतार, लिफ्ट, रुंद दारं, न घसरणारी फरशी. चांगलं झालं. पण हे सारं इमारतीबद्दल. महागड्या रॅम्पच्या टोकाला व्हीलचेअर ढकलायला माणूस असेल की नाही, हे रॅम्प सांगत नाही. २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा त्याआधीचा. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, परत मिळवण्याची वाट त्यानं काढून दिली. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं १९७०मध्ये. त्यातल्या, सगळं मुलांना देऊन बेघर झालेल्या अप्पासाहेब बेलवलकरांना वकील मिळायला ३७ वर्षं लागली म्हणायची! मात्र याच कायद्यानं दरमहा निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दहा हजार रुपये ठेवली. त्या रकमेत शहरातल्या बऱ्या निवासाचं बिल भागणं कठीण.

आपल्या नाटकांनी दोन पिढ्यांना या विषयावर धाय मोकलून रडवलं आणि अपराधीपणाची सवय लावली, हेही जाताजाता म्हणायला हवं. आईला बाहेर ठेवलं म्हणजे टाकलं, असा हिशेब अजून शेजारीपाजारी मांडतात. टाकणारे असतात, आणि ते आईला घरातच, मागच्या खोलीत टीव्हीसमोर टाकू शकतात.

खरी अडचण पैशाची आहे, आणि तिथे आपला मध्यमवर्ग विचित्र अडकलाय. निवृत्तिवेतन बेताचं, पण नावावर कोथरूडचा किंवा दादरचा फ्लॅट, ज्याची किंमत ऐकून स्वतःलाच घाम फुटावा. राहतं घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घ्यायची उलट-तारणाची योजना २००७च्याच अर्थसंकल्पातून आली. ती आपल्याकडे रुजली नाही. घर मुलांसाठी राखायचं, ही समजूत म्हाताऱ्यांच्याच मनात घट्ट. मुलाचा न्यू जर्सीत स्वतःचा बंगला आहे आणि तो कोथरूडला राहायला येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असूनही.

मुख्याध्यापिकाबाईंनी फ्लॅट भाड्यानं दिला. भाडं आणि निवृत्तिवेतन मिळून बिल भागतं, महिन्याला थोडं उरतं. हा निर्णय त्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पाय चालते असताना घेतला. चार ठिकाणं स्वतः रिक्षानं जाऊन पाहिली, त्यातलं एक संडासाला वास येतो म्हणून नाकारलं. करारावर सही त्यांची आहे. मुलाचं नाव खाली, तातडीच्या संपर्कासाठी.